तेलात किती, पाण्यात किती?

तोटीच्या या काचेच्या नरसाळ्यात दोन द्रव आहेत. खाली पाणी, वर ऑक्टेनॉल. ऑक्टेनॉल म्हणजे आठ कार्बनची शेपटी असलेलं अल्कोहोल. पाण्यापेक्षा हलकं, म्हणून वर तरंगतं. यात थोडंसं औषध टाकायचं, हलवायचं, थर वेगळे होऊ द्यायचे. मग मोजायचं : वर किती गेलं, खाली किती राहिलं?

वरच्या थरातल्या प्रमाणाला खालच्या थरातल्या प्रमाणानं भागलं, की मिळतो पार्टिशन कोइफिशंट, म्हणजे विभाजन गुणांक. हे आकडे लाखांच्या घरात जाऊ शकतात, म्हणून त्यांचा लॉग घेतात, म्हणजे तो आकडा दहाचा कितवा घात आहे ते पाहतात. हाच लॉग पी. लॉग पी शून्य आला, तर औषध दोन्हीकडे सारखंच. तीन आला, तर ऑक्टेनॉलमध्ये हजारपट. उणे एक आला, तर पाण्यात दहापट.

एवढ्याशा मोजणीवरून शरीरात काय घडेल ते कळतं? बरंचसं कळतं. रक्तदाबाची दोन जुनी औषधं पाहू.

पहिलं प्रोप्रॅनोलॉल. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत जेम्स ब्लॅक यांच्या गटानं ते १९६०च्या दशकात घडवलं. ब्लॅक यांना १९८८मध्ये नोबेल मिळालं. दुसरं ॲटेनोलॉल, त्याच कंपनीनं १९७६मध्ये बाजारात आणलेलं. पडद्यावर दोन्ही रेणू शेजारी ठेवलेत. उजवीकडची शेपटी हुबेहूब सारखी. फरक आहे तो डावीकडे : प्रोप्रॅनोलॉलला दोन कड्यांचं नॅफ्थलीन, तर ॲटेनोलॉलला एकच कडं आणि त्याला जोडलेला, पाण्याशी सलगी करणारा अमाइड गट.

प्रोप्रॅनोलॉलचा लॉग पी साधारण साडेतीन. म्हणजे ऑक्टेनॉलमध्ये सुमारे तीन हजारपट. ॲटेनोलॉलचा शून्याच्या जरासा वर, जवळजवळ निम्मं-निम्मं.

पेशीचं आवरण मेदाचं असतं, त्यामुळे प्रोप्रॅनोलॉल आतड्यातून जवळपास पूर्ण शोषलं जातं. पण यकृत त्यातलं बरंचसं पहिल्याच फेरीत मोडून टाकतं. ते मेंदूतही शिरतं, आणि काही रुग्णांना विचित्र स्वप्नं पडतात. ॲटेनोलॉल निम्मंच शोषलं जातं, मेंदूत फारसं जात नाही आणि बहुतांशी जसंच्या तसं मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. यातलं चांगलं कोणतं, हा प्रश्नच चुकीचा आहे. मायग्रेन रोखायला आजही प्रोप्रॅनोलॉलच आधी आठवतं.

या विचाराचं मूळ ऑक्टेनॉलच्या आधीचं, ऑलिव्ह तेलातलं. एकोणिसावं शतक संपताना जर्मनीत हान्स मेयर आणि झुरिकमध्ये चार्ल्स ओव्हर्टन यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, बेडकाच्या पिल्लांना गुंगी आणणारी द्रव्यं तपासली. जे द्रव्य ऑलिव्ह तेलात जास्त विरघळे, ते थोडक्या मात्रेतही गुंगी आणी.

पण ऑलिव्ह तेल दर खेपेला सारखं नसतं. कॅलिफोर्नियातल्या पोमोना कॉलेजचे कॉर्विन हान्श यांनी ऑक्टेनॉलची वाट धरली. त्याला एका टोकाला पाण्याशी जमवून घेणारं डोकं आणि मागे मेदाळ शेपटी, बरीचशी आवरणातल्या मेदरेणूंसारखी. गंमत अशी, की हान्श आणि जपानचे तोशिओ फुजिता यांचा १९६२चा गाजलेला शोधनिबंध औषधांवर नव्हता. तो वनस्पतींची वाढ बदलणाऱ्या रसायनांवर होता!

हान्श यांना पुढे असंही दिसलं, की मेदाची ओढ वाढवली तर परिणाम वाढतो, पण एका टप्प्यानंतर घसरतो. फार मेदाळ रेणू पहिल्याच आवरणात अडकून बसतो, पाण्यात विरघळत नाही, नको त्या प्रथिनांना चिकटतो. म्हणूनच फायझरच्या ख्रिस्तोफर लिपिन्स्की यांच्या तोंडावाटे घ्यायच्या औषधांसाठीच्या १९९७च्या प्रसिद्ध नियमांत लॉग पी पाचच्या आत ठेवा, असं एक कलम आहे.

एक मेख मात्र राहते. रक्ताचा सामू, म्हणजे पीएच, ७.४. तिथे प्रोप्रॅनोलॉल आणि ॲटेनोलॉल या दोघांचेही बहुतेक रेणू विद्युतभारित असतात, आणि भारित रेणूला ऑक्टेनॉल नकोसं वाटतं. लॉग पी मोजतो तो भार नसलेल्या रेणूचा. ठरावीक सामूला, भारित-अभारित सगळे रेणू धरून केलेली मोजणी म्हणजे लॉग डी. प्रयोगशाळेत आज रसायनतज्ज्ञांची नजर बहुधा त्यावरच असते.

आणि नियम मोडणारेही आहेत. प्रत्यारोपणानंतर देतात ते सायक्लोस्पोरिन लिपिन्स्कींच्या नियमांतल्या ५०० या रेणूभाराच्या मर्यादेच्या दुपटीहून जड आहे. तरी ते तोंडावाटे घेता येतं. मेदात शिरताना हा रेणू स्वतःभोवती घडी घालतो आणि पाण्याकडे ओढले जाणारे गट आत लपवतो. अशा रेणूचा एकच लॉग पी लिहून ठेवणं अवघडच.