अमिगाची रॅड डिस्क लहान-मोठी कशी करायची

राम राम मंडळी! जळगावात पारा चव्वेचाळीसवर आहे आणि माईकमध्ये घरघर येते म्हणून मी पंखा बंद ठेवलाय. तेव्हा पटापट उरकू.

हा अमिगा ५०० कॉम्प्युटर. १९८७ साली बाजारात आलेलं मॉडेल. भुसावळच्या मित्राच्या काकांनी जर्मनीहून आणलेला, त्यामुळे की-बोर्डवर वाय आणि झेडची अदलाबदल आहे. मी अमेरिकन कीमॅप, म्हणजे कुठल्या बटणाला कुठलं अक्षर ते ठरवणारी मांडणी, वापरतो, म्हणून वाय हवा तर झेडचं बटण दाबायचं. सवय होते हो! मेमरी मूळची ५१२ केबी, पोटाखालच्या झाकणात आणखी ५१२ केबीचं कार्ड.

अमिगात मेमरीतल्या डिस्का दोन. पहिली रॅम. तिला आकार द्यायचाच नसतो. फाईल टाकली की फुगते, पुसली की आकसते. इन्फो कमांड दिली तर ती कायम शंभर टक्के भरलेली दिसते. घाबरू नका, ती तशीच आहे.

दुसरी रॅड. हिचा आकार आपण ठरवायचा. कंट्रोल आणि दोन्ही अमिगा बटणं दाबून मशीन रीसेट केलं तरी हिच्यातला माल जागेवर राहतो. पण हिच्याकडे गेलेली मेमरी फाईल पुसून परत मिळत नाही. शेतात बांध घातल्यासारखं आहे, पीक काढलं तरी बांध तिथंच.

आता आकार. (स्क्रीन जवळून) अमिगाच्या वर्कबेंच १.३ या सिस्टीममध्ये 'डेव्हज' फोल्डरमधली माउंटलिस्ट, म्हणजे डिस्कांच्या नोंदींची फाईल, 'एड' या एडिटरमध्ये उघडा आणि रॅडची नोंद शोधा. सरफेसेस २, ब्लॉक्स पर ट्रॅक ११. एक ब्लॉक ५१२ बाइटचा. म्हणजे २ गुणिले ११ गुणिले ५१२, एका सिलिंडरला बरोबर ११ केबी. आपण हात लावायचा फक्त 'हायसिल'ला, म्हणजे शेवटच्या सिलिंडरच्या नंबरला. मोजणी शून्यापासून आहे, त्यामुळे हायसिल २१ लिहिलं की सिलिंडर झाले २२, जागा २४२ केबी. भले भले इथं एकानं चुकतात.

७९ लिहिलं तर ८८० केबी, थेट एका फ्लॉपीएवढी. मोह होतो. मलाही झाला. अख्खी फ्लॉपी रॅडवर कॉपी करायला गेलो, कॉपी पुरी व्हायच्या आतच मेमरी संपली. एक एमबीच्या मशीनला २१ पुरे. एस्केप, एक्स, एंटर, फाईल सेव्ह.

मात्र जुनी रॅड चालू असेल तर आधी तिच्यातल्या फाईली फ्लॉपीवर घ्या, कारण आता 'रेमरॅड' कमांड द्यायची आहे. ती सगळं पुसते आणि रॅडला निकामी करते. मेमरी पूर्ण सुटते ती पुढच्या रीसेटनंतर. मग 'माउंट रॅड', आणि इन्फोमध्ये नवा आकडा बघा.

रीसेटला पुरून उरणारी ही रॅड लाइट गेली की मात्र कोरी. मागच्या आठवड्यात याच व्हिडिओचा मजकूर तिच्यातच होता आणि फ्लॉपीवर घ्यायचा राहिला होता. बैठकीतला टीव्ही इन्व्हर्टरवर, अमिगा साध्या लाइनवर! आता उलट केलंय. आईची मालिका मध्येच बंद पडते, आणि मी रोज बोलणी खातो.