ताट ते बाटली

खेळाडूच्या ताटात काय येतं आणि डोप टेस्टच्या बाटलीत काय सापडतं, त्याची ही गोष्ट. हा वजनकाटा बघा. सायकलिंग टीमच्या किचनमधला. सोनं तोलावं तसा भात तोलतायत, कारण डोंगराची स्टेज असली की एक रायडर दिवसाला पाच-सहा हजार कॅलरी सहज जाळतो आणि तेवढं पोटात ढकलायचं कसं हाच सगळ्यांचा दिवसभराचा उद्योग. सायकलवर असतानासुद्धा दर तासाला ९० ग्रॅम कार्ब्स, काहीजण तर १२० पर्यंत जातात. भूक आहे का, हे कोणी विचारत नाही.

आता डोपिंगच्या नियमात काय बसतं ते. हा लालभडक ग्लास बीटाच्या रसाचा. यातल्या नायट्रेटमुळे तेवढ्याच मेहनतीला ऑक्सिजन जरा कमी लागतो. चालतं. क्रिएटिन, स्नायूंना ताकद देणारी पावडर, चालतं. कॅफिनला २००३ पर्यंत मर्यादा होती, २००४ पासून तेही चालतं. कॉफी तीच, पिणारा तोच, बदललं फक्त कॅलेंडर. मेल्डोनियम या हृदयाच्या औषधाचं नेमकं उलटं झालं, १ जानेवारी २०१६ ला ते बॅन झालं आणि त्याच महिन्यात ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये टेनिसपटू मारिया शारापोव्हा सापडली. तिचं म्हणणं, दहा वर्षं घेत होते, नवी यादी उघडून बघितलीच नाही.

आणि हा पलंगावरचा तंबू, मच्छरदाणी नव्हे. आत ऑक्सिजन कमी ठेवतात, शरीराला वाटतं आपण उंच डोंगरावर आलोय, मग किडनी ईपीओ नावाचं हार्मोन जास्त सोडते आणि रक्तातल्या ऑक्सिजन वाहणाऱ्या तांबड्या पेशी वाढतात. याला वाडाची, म्हणजे जागतिक डोपिंगविरोधी संस्थेची, बंदी नाही. तेच ईपीओ सुईने घेतलं की डोपिंग. आणि फिनलंडचा स्कीअर एरो मँटिरांटा, १९६४ ला दोन गोल्ड, त्याच्या जनुकातच असा बदल होता की या पेशी जन्मापासून भरपूर. त्याला काय म्हणायचं?

डोपिंगचे धोके खरे आहेत, ईपीओने रक्त घट्ट होतं, हृदयावर ताण येतो, १९६७ ला सायकलपटू टॉम सिम्पसनचा टूर दे फ्रान्सच्या चढावरच जीव गेला, अंगात ॲम्फेटामिन हे उत्तेजक होतं.

डोप टेस्टच्या खोलीत कॅमेरा नेता येत नाही, म्हणून हे किट इथं टेबलावर मांडलंय. किमान ९० मिली लघवी लागते. मॅचनंतर अंगातलं सगळं पाणी घामावाटे गेलेलं असतं, बाटल्यांवर बाटल्या पाणी पिऊन बसून राहायचं, आणि एकदाची झाली की तीही ऑफिसरच्या डोळ्यांदेखत, कपडे वर करून. मग किट स्वतः निवडायचं, स्वतः ओतायचं, ए बाटली, मग फेरतपासणीसाठी बी बाटली. झाकण फिरवताना हा कटकट आवाज ऐका, आता ते उलटं फिरणार नाही. नमुना १० वर्षं ठेवता येतो. इतका हिशोब आपण दुसऱ्या कुठल्या नोकरीत मागतो का?

ही धावपटू, रात्री साडेदहा. प्रोटीनचा डबा उघडण्याआधी बॅच नंबरचा फोटो काढतेय, कारण डब्यात भेसळ निघाली तरी जबाबदार तीच. आता ॲपवर उद्याचा एक तास भरतेय, टेस्टवाले अचानक आले तर ती कुठे सापडेल ते, सहा ते सात, घरी. १२ महिन्यांत तीनदा सापडली नाही तर बंदी. मोबाईल चार्जिंगला लावला, दार उघडलं, आणि बेल वाजतेय ना ते एकदा दाबून बघितलं.