आर्ल : दगड वाया न घालवणारे गाव

दक्षिण फ्रान्समधील आर्ल या गावाच्या रोमन अँफिथिएटरवर (झुंजींच्या लंबगोल, खुल्या प्रेक्षागृहावर) जे तीन चौकोनी बुरूज दिसतात, ते रोमनांनी बांधलेले नाहीत. मूळ वास्तू इ. स. ९०च्या सुमाराची. तिची लांबी १३६ मीटर आणि रुंदी १०९ मीटर असून साठ-साठ कमानींच्या दोन मजल्यांवर सुमारे वीस हजार प्रेक्षक बसत असत. रोमन सत्ता कोसळल्यावर झुंजी थांबल्या आणि आसऱ्याच्या शोधात असलेल्या गावकऱ्यांनी या जाडजूड भिंतींचाच किल्ला केला. त्यांनी कमानी बुजवल्या, टेहळणीसाठी चार बुरूज चढवले (त्यांतले तीन आज उरले आहेत) आणि जिथे कधी काळी वाळू अंथरलेली असे, तिथे घरे बांधली. पुढे ही घरे दोनशेच्या वर गेली, त्यांत दोन छोटी चर्चही आली. थोडक्यात, गावाच्या पोटात दुसरे गाव नांदू लागले. ही वस्ती हलवून रिंगण मोकळे करण्याचे काम १८२५मध्ये सुरू झाले.

आज त्याच रिंगणात बैलांचे खेळ होतात. स्थानिक प्रकारात पांढऱ्या कपड्यांतले तरुण हातातल्या लहानशा आकडीने बैलाच्या शिंगांना बांधलेले गोंडे आणि दोरे हिसकावतात, आणि बैल जिवंत परत जातो. बैलाचा वध होणारा स्पॅनिश प्रकारही इथे चालतो, हेही सांगितले पाहिजे.

या गावाचे भाग्य उजळले ते एका निर्णयामुळे. इ. स. पू. ४९मध्ये सीझर आणि पाँपी या रोमन सेनानींच्या संघर्षात शेजारचे बलाढ्य मार्सेय पाँपीच्या बाजूला झुकले, तेव्हा आर्लने सीझरसाठी बारा युद्धनौका तीस दिवसांत बांधून दिल्या. मार्सेय पडले आणि इ. स. पू. ४६मध्ये सीझरच्या सहाव्या लीजनच्या (रोमन सैन्यदलाच्या) निवृत्त सैनिकांची वसाहत आर्लला झाली. थिएटर आणि अँफिथिएटर हे सारे त्यानंतरचे वैभव. थिएटरचे मात्र दगड पुढच्या पिढ्यांनी इतके उचलून नेले, की रंगमंचामागे जेमतेम दोन उंच खांब शिल्लक राहिले. गावकरी त्यांना ‘दोन विधवा’ म्हणतात.

फेब्रुवारी १८८८मध्ये डच चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग इथे उतरला, तेव्हा गाव बर्फाखाली होते. या अवशेषांपेक्षा त्याला बहरलेल्या फळबागा, शेते, रात्रीची ऱ्होन नदी आणि तिच्या पाण्यात थरथरणारे गॅसचे दिवे अधिक खुणावत होते. ऑक्टोबरमध्ये त्याचा चित्रकार मित्र गोगँ त्याच्याकडे राहायला आला, दोघांनी आलिस्कां या जुन्या दफनभूमीत शेजारी शेजारी बसून चित्रे काढली, आणि २३ डिसेंबरच्या रात्री व्हॅन गॉगने स्वतःचा कान कापला. काही आठवड्यांनी शेजाऱ्यांनी या ‘वेड्या’ला आवरावे असा अर्ज महापौरांकडे केला. आज त्याच चित्रकारासाठी प्रवासी आर्लला येतात, हा विनोद गावाच्या नजरेतून सुटलेला नाही. ज्या रुग्णालयात त्याला ठेवले होते, तिथल्या अंगणातील बाग त्याच्या चित्राबरहुकूम पुन्हा लावण्यात आली आहे. लामार्तीन चौकातले त्याचे पिवळे घर मात्र १९४४च्या बाँबफेकीत मोडले. चित्रात त्यामागे दिसणारी उंच इमारत अजून उभी आहे.

नदीकाठच्या पुरातत्त्व संग्रहालयात शेवटी एका होडीपाशी थांबावे लागते. एकतीस मीटर लांबीची ही सपाट तळाची लाकडी मालवाहू होडी जवळजवळ दोन हजार वर्षे ऱ्होनच्या गाळात पडून होती. २०११मध्ये ती तुकड्या-तुकड्यांनी वर काढली गेली. बुडताना तिच्यात बांधकामाचा दगड भरलेला होता. आर्लपाशी आलेला एवढाच दगड गावाच्या हाती लागला नाही.