गोळी लपवून भरती नको

मित्रांनो, पालकांनो, मी एका रुमालापासून सुरुवात करतो. सैन्यभरतीसाठी मानकापूरला पहाटे धावणारा 19 वर्षांचा मुलगा दवाखान्यात आला, रुमाल सोडला. आत ब्लेडने कापलेल्या गोळ्या, एडीएचडी या लक्ष न टिकण्याच्या आजारावरच्या मिथाइलफेनिडेट औषधाच्या. "सर, भरतीच्या मेडिकल तपासणीपर्यंत कमी करत आणतो, म्हणजे कळणार नाही." ती दिवसभर थोडं थोडं औषध सोडणारी गोळी होती. कापली की तिची रचनाच मोडते, आणि दिवसभराचं औषध एकदम अंगावर येतं. छातीत धडधडत होतं म्हणून तर तो आला होता.

एडीएचडी म्हणजे वांडपणा नाही. लक्ष न टिकणं, उतावीळपणा, चुळबूळ ही लक्षणं वयाच्या 12 वर्षांआधीपासून असतात. हे औषध मेंदूत डोपामिनचं काम वाढवतं, लक्ष टिकतं. पण भूक मरते, झोप लांबते, नाडी वाढते. चौकीवर आठवडाभर रसद पोचली नाही तर गोळी कुठून आणायची, ही सैन्याची काळजी मला डॉक्टर म्हणून पटते. त्यासाठी कुणाला नाकारलं तर तो तुमचा अपमान नाही.

"24 महिने औषध बंद असलं की चालतं" हे तुम्ही मोबाइलवर वाचता. तो अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा नियम आहे. तिथेही तेवढ्यावर भागत नाही: वयाच्या 14 वर्षांनंतर शाळेत खास सवलत घेतली असेल, जोडीला दुसरा मानसिक आजार असेल, अभ्यासात-कामात नुकसान झाल्याची नोंद असेल, तरी अडतं. आपल्याकडे निर्णय सैन्याचे डॉक्टर देतात आणि आधीच्या आजारांच्या माहितीखाली सही तुमची असते. खोट्या माहितीवर लागलेली नोकरी पुढे केव्हाही जाऊ शकते.

मला जास्त अस्वस्थ करतात ते लहान मुलांचे आईबाप. आठवीतल्या मुलाची आई म्हणाली, "डॉक्टरसाहेब, कागदावर आजाराचं नाव नका लिहू, त्याला फौजेत जायचं आहे." तो गणिताच्या वहीत एक ओळ पूर्ण करू शकत नव्हता. अहो, अग्निवीर जनरल ड्युटीलासुद्धा दहावी पास लागते! भरतीच्या भीतीने आज उपचार थांबवले तर तो दहावीपर्यंत पोचणार कसा? आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याची माहिती गुप्त ठेवणं माझ्यावर बंधनकारक आहे.

त्या रुमालवाल्या मुलाच्या गोळ्या मी ठेवून घेतल्या, नाडी उतरेपर्यंत त्याला बसवून ठेवलं. मग दोघांनी मिळून त्याच्या फाइलची झेरॉक्स काढली: निदान कधीचं, डोस किती, आज कसा आहे. मेडिकलला तो तीच घेऊन गेला. अनफिट झाला. रात्री त्याचा फोन आला, बराच वेळ बोललाच नाही. शेवटी विचारलं, "सर, उद्या ग्राउंडवर जाऊ का?" मी म्हटलं, जा बेटा, आणि येताना इकडे ये, बीपी बघू.