माथा राहिला त्याची गोष्ट

संध्याकाळचे सात वाजलेत, अजिंक्यताऱ्यावर अजून थोडा उजेड आहे आणि खाली साताऱ्यात या छोट्याशा हॉलमध्ये सतरंज्या अंथरून झाल्यात. प्रोजेक्टर आला, पडद्यासाठी चादर पण आली, फक्त एक्स्टेन्शन बोर्ड राहिला, तो आणायला एकजण गाडी घेऊन पळालाय. महिन्यातनं एकदा आमच्या ट्रेकिंग क्लबात अशा गप्पा असतात, ज्यानं जे पाहिलं ते त्यानं येऊन सांगायचं.

आज बोलणारी मुलगी इथलीच, कॉलेजात शिकणारी. तिच्या हिमालयातल्या पहिल्या शिखराचे फोटो बघायला पोरं लवकर येऊन पुढं बसलीत. आणि ती सुरुवातीलाच सांगून टाकते, मी वर पोचले नाही.

शेवटच्या कॅम्पवर रात्री डोकं ठणकायला लागलं, खाल्लेलं पोटात टिकेना, सकाळी चालताना पाय नीट पडेना. लीडरनं सरळ खाली नेलं. का, तेही ती समजावते. ५,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळजवळ निम्मा, म्हणजे एका श्वासात ऑक्सिजनही तेवढाच, आणि शरीराला त्याची सवय व्हायला दिवस लागतात. म्हणून ३,००० मीटरच्या वर गेलं की मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि यांनी घाईत नेमकी तीच वाढवली होती. आपल्या महाराष्ट्रातल्या सह्याद्रीत हे कळतच नाही ना, सगळ्यात उंच कळसूबाई, तेच १,६४६ मीटर! रोज अजिंक्यतारा पळत चढणाऱ्या पोरालाही तिथं त्रास होऊ शकतो, फिटनेसनं तो टळत नाही.

साताऱ्याच्याच प्रियांका मोहितेनं २०१३ ला एव्हरेस्ट केलं, २०२१ ला अन्नपूर्णा, २०२२ ला कांचनगंगा, त्यामुळं इथल्या पोरींना आठ हजारी शिखर परकं वाटत नाही, हे मला फार मोठं वाटतं. पण माथ्यावरचा झेंड्याचा फोटो दहा सेकंदांत बघून होतो, परत फिरायचं कसं ठरवलं हे ऐकायला मात्र ते माणूस समोर बसलेलं लागतं.

मागनं एक काका विचारतात, रडू आलं का गं? आलं ना काका, उतरताना वाटभर. मग काका स्वतःचं काढतात, कोयना अभयारण्यातल्या वासोटा किल्ल्याचा माथा अर्ध्या तासावर असताना ते कसे मागं फिरले, कारण अभयारण्यात मुक्कामाला परवानगी नाही आणि बामणोलीला परतायचं तर शिवसागर जलाशयातनं बोटच, ती चुकवून चालत नाही.

कंदी पेढ्यांचा बॉक्स फिरतोय. रविवारी कल्याणगड ठरलाय, तिथल्या गुहेत गार पाण्यातनं रेलिंग धरून आत जायचंय, म्हणून प्रत्येकानं टॉर्च आणायचा. पुढं बसलेली दोन पोरं अजून तिच्याजवळ उभी आहेत, डोकं किती दुखलं की लीडरला सांगायचं म्हणून विचारतायत, आणि ती म्हणतेय, थोडं जरी दुखलं ना, तरी लगेच.