चार पुडांचा डबा

(दृश्य: नागपूरच्या सदर भागातलं एक स्वयंपाकघर, रविवार दुपार. ओट्यावर स्टीलचा डबा.)

उपासना आटोपून मावशी नुकत्याच घरी आल्यात. डब्याच्या खालच्या पुडात भात, त्यावर वरण, मग आलू-वांग्याची भाजी, सगळ्यात वर पोळ्या. मेयो हॉस्पिटलात एक पेशंट भरती आहे. त्याच्याजवळ बसलेली बायको भंडाऱ्याकडची, नागपुरात तिचं कोणी नाही. डबा तिच्यासाठी.

आम्ही विचारलं, "मावशी, अशा कामानं तारण मिळतं का, म्हणजे पापातून सुटका?"

त्यांनी झाकण दाबून कडी लावली. "तारण तर झालं ना जी माझं. प्रभूनं केलं. मी काय डबा देऊन त्याचे पैसे फेडून राहिली का?"

(दृश्य: मावशींच्या घरातलं पवित्र शास्त्र, पानं उलटणारे हात.)

या एका वाक्यावरून ख्रिस्ती मंडळ्या शतकानुशतकं भांडल्या. बायबलच्या नव्या करारातल्या पत्रात पौल लिहितो, माणूस विश्वासानं नीतिमान ठरतो, नियमशास्त्राच्या कर्मांनी नाही. तिथल्याच दुसऱ्या पत्रात याकोब लिहितो, क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे. आणि दोघंही साक्षीला बोलावतात एकाच माणसाला, यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहामाला.

ती रात्र डोळ्यांसमोर आणा. म्हातारा माणूस, पोटी मूल नाही. देव त्याला बाहेर नेतो आणि म्हणतो, तारे मोज, तुझी संतती इतकी होईल. अब्राहाम काहीच करत नाही. फक्त विश्वास ठेवतो, आणि तेवढ्यानं तो नीतिमान गणला जातो. हे बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या 15व्या अध्यायात आहे, सुंतेची आज्ञा 17व्यात. पौलाचा सगळा भर या क्रमावर आहे: अब्राहामाचा स्वीकार आधी झाला, खूण नंतर आली. याकोब 22व्या अध्यायाकडे बोट दाखवतो. तिथे तोच अब्राहाम देवाच्या सांगण्यावरून आपला मुलगा इसहाक याचं बलिदान द्यायला त्याला घेऊन डोंगर चढतोय. याकोबाच्या मते, त्या रात्रीचा विश्वास इथे पूर्ण झाला.

मला यात भांडण दिसत नाही. पौल उंबऱ्याबाहेर पुण्याचा हिशोब मांडून बसलेल्याशी बोलतो, "हे ठेव खाली, आत ये." याकोब बोलतो आत येऊन पाय पसरून बसलेल्याशी, दारात उपाशी भाऊ उभा असताना "सुखानं जा" म्हणणाऱ्याशी.

(दृश्य: सदरचं ऑल सेंट्स कॅथेड्रल, मग सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रल.)

जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनं 1522 मध्ये नव्या कराराचं जर्मन भाषांतर काढलं, तेव्हा रोमकरांस पत्रात पौलाच्या वाक्यात "केवळ" हा शब्द घातला: केवळ विश्वासानं. याकोबाचं पत्र त्याला गवतासारखं हलकं वाटलं. पण त्याच आवृत्तीत त्यानं लिहिलं की खरा विश्वास "सत्कृत्यं करू का?" असं विचारत नाही, विचारायच्या आधी ती करून झालेली असतात. कॅथलिकांच्या ट्रेंट परिषदेनं 1547 मध्ये त्याची शिकवण नाकारली. मात्र नीतिमान ठरवणारी पहिली कृपा माणूस आपल्या कर्मांनी कमावतो, असं तिनंही म्हटलं नाही, आणि हे फार जणांना ठाऊक नसतं. ऑग्सबर्गमध्ये 31 ऑक्टोबर 1999 ला कॅथलिक आणि ल्यूथरन मंडळ्यांनी एका संयुक्त घोषणेवर सही केली: स्वीकार कृपेनंच, आणि तीच कृपा सत्कृत्यांसाठी बळ देते.

नागपूरला ही एकी नवी नव्हती. 29 नोव्हेंबर 1970 ला सहा प्रोटेस्टंट मंडळ्या इथेच एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्मलं.

त्याच्याही कितीतरी आधी, 1845 मध्ये, मिशनरी स्टीफन हिस्लॉप इथे आले. केवळ विश्वासानं तारण, हीच त्यांच्या स्कॉटिश मंडळीची शिकवण. कर्मांनी काही मिळवायचं नव्हतं, तरी त्यांनी शाळा काढली, गोंडांची भाषा आणि गीतं टिपली. 4 सप्टेंबर 1863 ला टाकळघाटाजवळ पुराच्या पाण्यात ते बुडाले. त्यांची टिपणं 1866 मध्ये छापली गेली.

(दृश्य: पुन्हा तेच स्वयंपाकघर. संध्याकाळ.)

डबा परत आलाय, घासून लखलखीत. मावशी एकेक पूड काढून पालथं घालतात. सगळ्यात खालच्या पुडात कागदाची छोटी पुडी आहे. चहाच्या टपरीवरून मागून आणलेली असावी. मावशी ती उलगडतात.

दोन चिमटी साखर.