वाक्य ऐका, चित्रपट ओळखा

नमस्कार श्रोतेहो.

एक वाक्य म्हणते, चित्रपट ओळखा. 'पूरे पचास हजार.'

आलं ना लगेच ओठांवर? 'शोले'. आता जरा बघा, काय आहे हो त्या वाक्यात? धमकी नाही, शेर नाही, प्रेमाची कबुली नाही. सरदाराने विचारलं, डोक्यावर इनाम किती ठेवलंय. खडकावर बसलेल्या माणसाने आकडा सांगितला. सांबाचं काम करणाऱ्या मॅक मोहन यांचं त्या लांबलचक चित्रपटातलं लोकांच्या लक्षात राहिलेलं वाक्य हे एवढंच. पण तेवढ्यावर ते जन्मभर 'सांबा' म्हणून ओळखले गेले.

वाक्यावरून चित्रपट ओळखायचा खेळ आपल्याकडे कोजागरीच्या रात्री गच्चीवर चालतो, सहलीच्या गाडीत चालतो, लग्नघरात हळद उतरल्यावर मंडळी जागत बसतात तेव्हा हमखास चालतो. भेंड्यांना गळा लागतो, याला कान पुरतो. पण प्रश्न घालणारे बहुतेक जण एक घोळ करतात. ते सगळ्यात गाजलेलं वाक्य उचलतात. 'कितने आदमी थे' असं विचारलंत तर त्यात ओळखायचं काय उरलं? पाच वर्षांचं पोरही सांगेल. प्रश्न घालायचा तर गाजलेल्या वाक्याला समोरून आलेलं उत्तर घ्यावं. तिथे खरा चित्रपटवेडा कोण ते कळतं.

'शोले' आला १९७५ साली. पुढे पॉलिडोर कंपनीने गाण्यांच्या जोडीला त्याच्या संवादांच्याही तबकड्या काढल्या. गणपतीच्या मांडवात कर्ण्यावर गाण्यांच्या मध्येच गब्बर खाकरायचा, आणि ज्या पोरांना थिएटरचं तोंड दिसलं नव्हतं त्यांनाही पुढचं वाक्य, त्यामागचा घोड्यांचा आवाज, सगळं पाठ. मी रेडिओवर बोलतेय म्हणून रेडिओची बाजू घेते असं समजू नका, पण वाक्य मनात बसतं ते कानातूनच. शब्द थोडे इकडेतिकडे झाले तरी चालतं. थांबायचं कुठे, हे चुकलं की समोरचा चित्रपट ओळखत नाही.

आता मराठीकडे येते. दुसरं वाक्य घ्या: 'धनंजय माने इथेच राहतात का?'

साधा पत्ता विचारलाय. पोस्टमन रोज दहा दारांवर हेच विचारतो. तरीही महाराष्ट्रात हे वाक्य कुणी म्हटलं की आजूबाजूचे चार जण हसतात, कारण त्यांच्या कानात लक्ष्मीकांत बेर्डे यांचा आवाज असतो. 'अशी ही बनवाबनवी', १९८८. दिग्दर्शन सचिन पिळगावकरांचं. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान' या १९६६ च्या हिंदी चित्रपटातली. भाड्याच्या खोलीसाठी मित्रांनी बायका व्हायचं, ही गंमत तिथलीच. पण तो हिंदी चित्रपट आज किती जणांना आठवतो? मराठीतला मात्र वाक्यागणिक पाठ. याचं मोठं श्रेय संवादांचं, म्हणजे वसंत सबनीसांचं.

सबनीस म्हणजे 'विच्छा माझी पुरी करा' लिहिणारे, दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' लिहिणारे. लोकनाट्याच्या बतावणीत एकाने वाक्य टाकायचं आणि दुसऱ्याने ते हवेतच पकडून परत फेकायचं. एकट्याचं वाक्य कधी पुरं होतच नाही. 'बनवाबनवी'त हेच झालंय. सत्तर रुपयांचा प्रसंग आठवा. सुधीर जोशींचे विश्वासराव सरपोतदार, पुण्याचे घरमालक, मधुमेहावर इस्राईलचं औषध मिळेल म्हणून पैसे देऊन बसलेत. औषध आणून देणारा गृहस्थ वारला, असं अशोक सराफांचे धनंजय माने सांगतात. सरपोतदारांना माणूस गेल्याचं दुःख बाजूलाच, ते विचारतात आपल्या पैशांचं. आणि माने अगदी सुतकी चेहऱ्याने सांगतात, तेही वारले. रुपये वारले! घरमालकाला बोलायला जागाच ठेवली नाही. आजही कुणाला उसने पैसे देऊन विसरायची वेळ आली की आपण म्हणतो, वारले.

याच चित्रपटातलं 'हा माझा बायको' हे वाक्य खेळात घालायचं असेल तर एक सांभाळा. घाईत बरेच जण 'ही माझी बायको' म्हणून जातात आणि मग समोरचे नुसते बघत बसतात. साडी नेसलेल्या मित्राकडे बोट दाखवताना मान्यांची जीभ घसरते, सगळी मजा तिथे आहे.

विनोदी चित्रपटाचंच असं होतं म्हणाल तर तिसरं वाक्य ऐका. 'मारुती कांबळेचं काय झालं?'

'सामना'. कथा-पटकथा-संवाद विजय तेंडुलकरांचे, दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, आणि १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत गेलेला चित्रपट. साखर कारखानदार हिंदुराव पाटलाच्या गावात एक दारूडा मास्तर येऊन पडतो. हिंदुराव निळू फुले, मास्तर श्रीराम लागू. मास्तरच्या कानावर एक नाव येतं आणि तो विचारायला लागतो. आधी सहज, मग हट्टाने, मग कुणी ऐको न ऐको. वाक्य तेच. लागूंनी ते दर वेळी निराळं केलंय. हिंदुरावाच्या चेहऱ्यावरचं आतिथ्य हळूहळू उतरत जातं, ते बघण्यासारखं आहे. पुढे हा प्रश्न चित्रपटातून बाहेर पडला. कुठलं प्रकरण दाबलं गेलं की वर्तमानपत्राच्या मथळ्यात मारुती कांबळे हजर. गंमत म्हणजे तो मथळा लिहिणाऱ्यांतल्या आणि वाचणाऱ्यांतल्या कित्येकांनी 'सामना' पाहिलेला नसतो.

म्हणून मला वाटतं, मोठाल्या भाषणांना त्या वेळी टाळ्या पडतात आणि ती थिएटरातच राहतात. घरी येतात ती पत्ता विचारणारी, आकडा सांगणारी, कुणाची तरी चौकशी करणारी वाक्यं. ती रोजच्या बोलण्यात खपून जातात ना! 'सैराट'मधली आर्ची 'मराठीत सांगितलेलं कळत नाही, इंग्लिशमध्ये सांगू?' म्हणाली, त्यानंतर किती आयांनी हे वाक्य घरात वापरलं असेल याचा हिशेब नाही. फक्त ते रिंकू राजगुरूच्या त्या सोलापुरी हेलातच म्हणायला हवं. पुस्तकी मराठीत म्हटलंत तर नुसती दमदाटी वाटते.

'झपाटलेला'चं सोडूनच द्या. 'ओम फट् स्वाहा' म्हटलं की संपला विषय. तिथे रामदास पाध्यांचा बाहुला आणि दिलीप प्रभावळकरांचा आवाज यांनी ओळखायला काही शिल्लकच ठेवलेलं नाही.

खेळात भांडणं होतात ती वेगळ्याच वाक्यांवरून. 'कुणी घर देता का घर?' एक गट ओरडतो 'नटसम्राट', नाना पाटेकर, २०१६. घरातले आजोबा चष्मा सावरत सांगतात, हे नाटकातलं आहे, वि. वा. शिरवाडकरांच्या, १९७० साली रंगभूमीवर आलं आणि अप्पा बेलवलकर आधी श्रीराम लागूंनी उभा केला. गुण कुणाला द्यायचे? 'श्यामची आई'चंही तसंच. पायांना घाण लागू नये म्हणून जपतोस तसा मनालाही जप, असं आई सांगते. ते अत्र्यांच्या चित्रपटाचं की साने गुरुजींच्या पुस्तकाचं? माझा निवाडा असा, की उत्तर चित्रपटाचं मागितलंय तर गुण चित्रपटवाल्यांना द्यावेत आणि आजोबांना कॉफी द्यावी.

आणि एक प्रश्न खेळात कधी घालूच नका, नाहीतर रात्र सरेल. 'बाई, वाड्यावर या.' आवाज निळूभाऊंचा, एवढं गावातलं शेंबडं पोरही सांगतं. पण चित्रपट कुठला म्हणून विचारा. एक म्हणेल हा, दुसरा म्हणेल तो, तिसरा पैज लावेल, आणि चित्रपट लावून बघायला बसलात की ते वाक्य काही सापडत नाही. नकलाकारांनी स्टेजवर इतक्या वेळा म्हटलं की ते निळूभाऊंच्या नावावर चढून बसलं. त्यांचा 'सामना'तला हिंदुराव ऐकलात तर तो बहुतेक वेळ खालच्या पट्टीत, आदबशीर, पाहुण्याला काय हवं-नको विचारत बोलतो. नक्कल करणाऱ्यांना ते जड जातं, म्हणून ते वाड्यावर बोलावत बसतात.

तेव्हा मंडळी, ज्याच्याकडे या वाक्याचं रीतसर उत्तर असेल, त्याने आधी चित्रपट लावून दाखवावा. मग गुण मागावेत. नमस्कार.